पुस्तकात नसलेला बैल

आमच्या गावात लेकरांना कुणी काही विचारायची रीत नव्हती. शाळेत गुरुजी विचारायचे, पण उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. घरी विचारायचे ते ‘कुठं उंडारत होतीस?’ एवढंच. त्यामुळं लातूरहून एसटीच्या टपावर बसून एक पत्र्याची पेटी आली, तेव्हा काय होतंय हे आम्हाला लवकर कळलंच नाही. गुरुजींनी सांगितलं, हिच्यात गोष्टींची पाच पुस्तकं आहेत. ती तुम्ही वाचायची. सगळ्यात चांगलं कोणतं ते तुम्हीच मत देऊन ठरवायचं, त्या पुस्तकाला बक्षीस मिळणार. मोठ्या माणसांनी मधे बोलायचं नाही.

मागून एकानं विचारलं, “आन् आमचं चुकलं तर, गुरुजी?”

गुरुजींनी पेटीतला कागद पुन्हा चष्म्यासमोर धरला. खालीवर वाचला. म्हणाले, “चुकत नसतंय म्हणं. लेकरं म्हणतील ते खरं, असं लिहिलंय हितं.”

मी मान लांब करून तो कागद बघायला गेले.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आधी साध्या दाखल्यासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता मुरुड रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर उभं राहिलं की जिल्हा हाताशी. गावातली माणसं ‘आपला जिल्हा’ हे शब्द नव्या जावयाचं कौतुक सांगावं तसे उच्चारायची. त्या नवलाईत लातूरच्या काही वाचनवेड्या मंडळींनी ही टूम काढली होती : खेडोपाडीच्या शाळांना पेट्या पाठवायच्या आणि लेकरांची मतं गोळा करायची. मंडळी हौशी होती, साल तेवढं दुष्काळाचं निघालं. पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. हापशाला नुसती हवा यायची. गावाला टँकर लागला होता.

टँकरची वेळ ठरलेली नसायची. म्हणून दिवस उजाडला की शाळेच्या भिंतीलगत घागरींची रांग लागायची. आमच्याकडं त्या सालात घागर म्हणजे माणूस होता. बाई घागर ठेवून रोजगार हमीच्या कामावर निघून गेली तरी तिचा नंबर हलत नसे. कुणी दुसरीची घागर मागं सरकवली तर ‘माझी घागर ढकललीस’ असं कुणी म्हणत नसे, ‘मला ढकललंस’ म्हणूनच भांडण जुंपायचं. घागरींवर लक्ष ठेवायला आम्ही पोरी आणि बारकी पोरं. शाळा सकाळची. दुपार सगळी तिथंच, लिंबाच्या सावलीत.

पेटीत प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती. ती सगळ्यांच्या हातात फिरवत बसलो असतो तर मृग आला असता. गुरुजींनी तोड काढली. “जिला जोडाक्षरं अडत नाहीत, तिनं रांगेत बसून मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.”

जोडाक्षरं मला अडत नव्हती.

मी पहिल्या दिवशी वाचायला बसले आणि टँकर आला. सगळ्या उठल्या, पळापळ झाली, गोष्ट ऐन रंगात तुटली. माझी घागर मधेच कुठंतरी होती. ती भरून, घरी टाकून येईपर्यंत ऐकणारे पांगले. दुसऱ्या दिवशी पोरींनीच शहाणपण केलं. “हिची घागर म्होरं घ्या गं. हिची आधी भरली म्हंजे आपलं भरंस्तोवर ही वाचंल.” आणि माझी घागर पहिली लागली. बायकांनीही काही म्हटलं नाही. त्या दुपारी पाणी भरता भरता गावातल्या बाया गोष्ट ऐकत होत्या, आणि भांडण एकही झालं नाही. मला ते अजून दिसतं : रबरी नळी घागरीत कोंबलेली, पाण्याचा आवाज, आणि त्या आवाजाच्या वरून चाललेला माझा आवाज. इतकी माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

रांगेत एक घागर पुढं गेली की शेवटची एक मागं जाते. हे गणित मला तेव्हाही येत होतं.

शेवटची घागर बहुतेक माझ्या मैत्रिणीची असायची. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर, तिला यायला उशीर व्हायचा. तिची घागर पितळेची, पोटाला मोठा पोचा. ती घागर मागं ठेवायची आणि स्वतः मात्र पुढं येऊन अगदी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. वाचताना मी श्वास घ्यायला थांबले तरी म्हणायची, “थांबलीस कामून? वाच की.”

चार पुस्तकं झाली. पाचवं सगळ्यात बारीक होतं. मुखपृष्ठावर कपाळावर पांढरा चांद असलेला बैल. दुष्काळात एका घरचा बैल लांबच्या बाजारात विकायला नेतात, त्या घरातल्या पोराची गोष्ट. मी वाचत गेले. त्या दिवशी टँकर काही येईना, आणि मी शेवटच्या पानावर पोचले. त्या पानावर बैल विकला जातो. पोरगं घरी येऊन रिकाम्या दावणीपाशी बसतं. संपलं.

माझ्या मैत्रिणीच्या घरचा बैल थोड्याच दिवसांपूर्वी विकला होता. तिनं माझ्या फ्रॉकचा काठ मुठीत धरला होता.

ते पान मी मोठ्यानं वाचलं नाही. आजवर मी स्वतःला सांगत आले, की मला तिची दया आली. आली होती, खोटं नाही. पण पुस्तक संपलं की माझी घागर उद्यापासून परत आपल्या जागी जाणार, हेही मला त्याच क्षणी दिसलं होतं. दोन्हीतलं आधी काय दिसलं ते मी इतकी वर्षं उगाळते आहे. मला वाटतं, आधी घागर दिसली.

मी पान उलटलं. पुढं कोरा पुठ्ठा होता. त्या पुठ्ठ्याकडं बघत मी वाचलं, “आणि उदगीरच्या बाजारात बैलानं दावं तोडलं.”

पोरं ओरडलीच. पुस्तकात बाजाराचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं; उदगीर माझं, आणि पोराचं घर आमच्याच गावात, तेही माझं. माझा मामा तिकडं होता, मला तो रस्ता एसटीच्या खिडकीतून पाठ होता. बैल निघाला. नळेगावला मुक्काम केला. एका वाण्याच्या दुकानासमोरची पेंड खाल्ली, मार खाल्ला, पळाला. छावणीतली जनावरं त्याला म्हणाली, हितंच राहा, चारा फुकट आहे. तो म्हणाला, माझी दावण आहे. हे मी कुठून आणत होते मला कळत नव्हतं. तोंड उघडलं की पुढचं वाक्य तिथं आधीच उभं असायचं. रात्रीतून कुणी आणून ठेवल्यासारखं.

पुस्तक मी असं धरायची की बैल त्यांच्याकडं आणि पानं माझ्याकडं. एकानं शंका काढलीच. “येवढुसं तर पुस्तक हाय, आन् संपंना कसं गं?”

माझ्या मैत्रिणीनंच त्याला झापलं. “अक्षर बारीक हाय. गप बस मुडद्या.”

रोज घागर पहिली. रोज बैल थोडा चालायचा. लातूर ओलांडून तो आमच्या रस्त्याला लागला, तेव्हा बायासुद्धा विचारायला लागल्या, “काय गं, आला का तुझा बैल?” आता एका दुपारीच तो गावात शिरला असता. मी त्याला फाटा चुकवला. सरळ पुढं मुरुडला नेला. मला अजून थोडे दिवस पाहिजे होते, दुसरं काही कारण नाही.

मैत्रीण उसळली. “आपल्याच गावचा फाटा चुकंल का बैल? येडा हाय का त्यो?”

“अंधार पडला होता.”

“अंधारात बी बैलाला घर कळतंय. तुमच्याकडं बैल हाय का? मंग?”

त्याच दुपारी टँकर अर्धाच भरून आला. माझी घागर पहिली भरली. रांग सरकत सरकत तिच्या घागरीपाशी आली आणि नळी घरघरली, थुंकली, थांबली. ड्रायव्हरनं नळी झटकली, गुंडाळली. तिनं घागरीत डोकावून पाहिलं. मग ती पालथी करून डोक्यावर टोपीसारखी घातली आणि वस्तीच्या वाटेला लागली. बरंच पुढं गेल्यावर वळून ओरडली, “उंद्या तरी घरी आन त्याला!”

मी उद्या आणला. मुरुडच्या बाजारात एका कासारणीनं त्याच्या कपाळावरचा चांद ओळखला आणि त्याला माघारी वळवलं. बैल दावणीला आला, पोरानं त्याच्या गळ्यात मिठी मारली. टँकर आला तरी एक मिनिट कुणी उठलं नाही. मग माझी मैत्रीण उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, “हं. आता बरं वाटलं.”

मतदानाच्या दिवशी घरोघरच्या पाच रिकाम्या घागरी वर्गात मांडल्या, एकेकीपुढं एकेक पुस्तक. प्रत्येकाला एक चिंचोका. बोटाला दौतीतली शाई. सरपंचांना गुरुजींनी दाराबाहेर उभं केलं, कारण मोठ्यांनी यायचं नव्हतं. ते बिचारे पाय उंचावून खिडकीतून बघत होते. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं रांगेतल्या पोराला विचारलं, “कुणाचं पॅनल हाय रं?”

“बैलाचं.”

“मंग येतंय. बैल पडत नसतोय.”

गुरुजींनी घागरी उपड्या केल्या. चारांतून काहीच पडलं नाही. पाचवीतून सगळ्या शाळेचे चिंचोके खडखडत बाहेर आले आणि जमिनीवर पसरले. त्यात माझाही होता. ते काळेभोर, चकचकीत ढिगुळं मी बघत राहिले. इतक्या जणांनी खरं म्हणून टाकलं होतं ते, आणि लेकरं म्हणतील ते खरं, असं कागदावर लिहिलेलं होतं.

ते पुस्तक पहिलं आलं. इतर गावांची मतं त्याला होतीच. आमच्यावाचून आलं असतं की नाही ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. एखाद्या गावाचं एकही मत फुटू नये, याचं लातूरकरांना नवल वाटलं, आणि लेखिका म्हणाल्या म्हणे, मला ते गाव बघायचंय.

त्यांना आपल्याकडून काय द्यायचं, हेही पोरांनीच ठरवलं. प्रत्येकानं घरून एक पेला पाणी आणायचं, त्यानं एक घागर भरायची, ती द्यायची. गुरुजी म्हणाले, “अरे, पाण्याचं बक्षीस? लोक काय म्हणतील?”

“मोठ्यांनी मधी बोलायचं न्हाई, गुरुजी. तुम्हीच वाचलाव की कागुद.”

लेखिका नांदेडहून आल्या, लातूरला एसटी बदलून. बारीक अंगाच्या, वयस्कर, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात फिरकीचा तांब्या. मला वाटलं होतं, पुस्तक लिहिणारं माणूस काहीतरी निराळं दिसत असेल. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्याला सेफ्टी पिन लावली होती. मी त्या पिनेकडंच बघत बसले. चपलेला पिन लावणाऱ्या बाईनं तो बैल केला होता, आणि त्याच्यामागं मी माझा जोडला होता.

गुरुजी म्हणाले, प्रश्न विचारा. एक पोरगं ताडकन उठलं. “बाई, त्या कासारणीनं बैलाला कसं वळखलं? तिनं तर आधी बघितलाच नव्हता त्याला.”

“कोणती कासारीण?”

वर्ग हसला. “बाई इसरल्या! मुरुडची की! फाटा चुकला न्हाई का त्यो?”

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. परत घातला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला पळायचं होतं आणि दार लांब होतं.

“मी विसरते अलीकडं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा. कुठून निघाला होता तो?”

“उदगीरहून!”

मग पोरांनी सांगितलं. सगळ्यांनी मिळून, एकमेकांना खोडत. नळेगावची पेंड कुणी सांगितली, छावणी कुणी. एकानं बैलाची चाल करून दाखवली. मी दोन वाक्यांत सांगितलेलं त्यांच्याकडं आता पुष्कळ झालं होतं. मी न सांगितलेलंही त्यात होतं. बाई ऐकत होत्या. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, रांगेत बारक्या पोरांचं राहायचं तसं. लिहिणाऱ्या बाईला कुणी गोष्ट सांगतंय आणि ती अशी ऐकते आहे, हे मी पाहिलं. त्यानंतर खूप काही पाहिलं असेल, पण त्याच्याइतकं मोठं काही मला आठवत नाही.

गुरुजींनी एव्हाना पुस्तक उचललं होतं. मोठ्यांनी मधे यायचं नाही म्हणून त्यांनी ते आजवर उघडलंही नव्हतं. शेवटची पानं चाळून ते म्हणाले, “बाई, पण ह्याच्यात तर…”

बाईंनी पुस्तकावर तळहात ठेवला. “पानं सुटलीत, गुरुजी. छापखान्यात सुटतात.”

“इतकी?”

“दुष्काळ आहे. कागदाचाही.”

मग त्यांनी विचारलं, वाचून कुणी दाखवलं? सगळ्या वर्गाची बोटं माझ्याकडं. त्यांनी मला जवळ बोलावलं. रागावल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, “उदगीरहून इथवर चालला म्हणतेस. त्याच्या पायातल्या नालांचं काय झालं? झिजले असतील की नाही? तेवढं राहिलंय बघ तुझं.”

मला रडू आलं ते सुटल्याचं. बाईंनी माझं खोटं पोटात घातलं होतं. पण पोटात घालायचं ते खोटं नव्हतंच, हे मला मागाहून, फार मागाहून कळलं. घागरीबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बैल खोटा होता हे एका वाक्यात मिटलं. तो कशासाठी लांबवला, हे मी तिथंच, त्यांच्या कानात सांगू शकले असते. तोंड तेव्हा उघडलं नाही.

पोरांनी भरलेली घागर पुढं आणली. बाईंनी दोन्ही हात जोडले. घागरीतून आपला फिरकीचा तांब्या भरून घेतला, झाकण आवळलं आणि म्हणाल्या, “माझं बक्षीस मला पोचलं. आता हे एसटीत कसं नेऊ? तुमच्या रांगेत शेवटी कोण असतं?”

बोटं माझ्या मैत्रिणीकडं गेली. घागर तिच्या डोक्यावर चढली. ती मान ताठ धरून माझ्यासमोरून गेली, डोळे मोठे करून मला म्हणाली, “बग! फुकटात भेटलं!” तिचा आनंद मावत नव्हता. त्या आनंदाकडं मला अजूनही नीट बघता येत नाही.

पुढं लग्न होऊन मी नांदेडला आले. बाई त्याच गावात राहायच्या. भाजी मंडईत मी त्यांना पुष्कळदा पाहिलं. एकदा आम्ही एकाच गाडीवरून मेथी घेतली. जुडी झटकताना त्यांनी माझ्याकडं पाहून मंद हसल्यासारखं केलं, अनोळखी माणसाला हसावं तसं. मी पिशवी सावरली आणि निघाले. पेपरच्या कोपऱ्यात त्या गेल्याची बातमी आली, त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आता सांगायला एकच माणूस उरलं आहे.

मैत्रीण मुरुडला दिलेली. एका लग्नाच्या निमित्तानं गेले आणि तिच्या घरी उतरले. दुपारी ती सुपारी कातरत बसली होती, मांडीजवळ तिची नात.

“तुला एक सांगायचंय,” मी म्हटलं.

“सांग की. तोंड कामून येवढुसं केलंस? कुनी गेलं का?”

मी सांगितलं. पहिल्या घागरीचं, मुद्दाम चुकवलेल्या फाट्याचं, तिच्या रिकाम्या घागरीचं. ती कातरत राहिली.

“हाव,” ती म्हणाली. “त्या दिशी मायनं लई हानलं मला. रिकामी घागर घेऊन आले म्हनून न्हाई. ‘येवढा येळ तितं काय करून राहिलीस’ म्हनून.”

“काय सांगितलंस मग?”

“म्हनलं, बैल मुरुडला गेला. मंग आनखी हानलं.”

ती हसली. मला हसता येईना. मार बसला होता हे मला माहीतच नव्हतं. “तरी दुसऱ्या दिवशी आलीस तू.”

“मंग? त्याला घरी आनाया नगं?” अडकित्ता थांबला. “पर माझ्या घागरीचं तू आता बोललीस ते बरं केलंस. मला वाटायचं तुला दिसलंच न्हाई.”

दिसलं होतं, मी म्हटलं. ती मान हलवून पुन्हा कातरायला लागली.

नात कधीची ऐकत होती. “कोनता बैल? आपला?”

म्हणजे या घरात तो ‘आपला’ होता. मला आता मधेच थांबायचं नव्हतं. मी म्हटलं, “पुस्तकात तो परत येत नाही गं. शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं.”

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं. हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं अडकित्ता खाली ठेवला, आणि मला वाटलं, मी तिची दुसरी घागरही रिकामी केली.

नात म्हणाली, “मंग लिवनारीला म्हाईत नसंल.”

मैत्रीण तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आता काय बोलतीस? लेकरू म्हनतंय.”

शेजारची दोन पोरं ओसरीवर येऊन टेकली होती. या वेळेला रोज यायची असावीत. मैत्रिणीनं कातरलेली सुपारी डबीत भरली, पदर सारखा केला आणि बैलाला उदगीरच्या बाजारात उभा केला. मी सरकून पुढं बसायला गेले तर नातीनं माझा हात धरला.

“म्हातारे, नंबरानं बस. आमी आधी आलोय.”

मी मागं जाऊन बसले. बैल नळेगावात पोचला होता आणि तिथं एक लोहार त्याला नवे नाल ठोकत होता.